जुनी मोटरसायकल सारखी बंद पडते: दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सिग्नल सुटला की एखादा तरी गडी जुन्या स्प्लेंडरला किका मारत कडेला उभा दिसतोच. गॅरेजवर गेल्यावर तक्रार ठरलेली, "भाऊ, गाडी बंद होऊन राहिली." उत्तरही ठरलेलं: कार्बोरेटर साफ करून टाकू, प्लग बदलून टाकू. दोन दिवस बरे जातात आणि परत तेच सुरू होतं. गाडी बंद पडण्यामागे डझनभर कारणं असू शकतात आणि त्यातली निम्मी कार्बोरेटरच्या बाहेरची असतात. ती ओळखायची असतील तर पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट नीट पाहावी लागते: गाडी कधी आणि कशी बंद पडते.

हा लेख कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. स्प्लेंडर, पॅशन, सीडी १००, सीटी १००, प्लॅटिना, डिस्कव्हर, जुनी पल्सर, व्हिक्टर अशा गाड्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांचा तपास वेगळा असतो.

आधी बंद पडण्याची तऱ्हा ओळखा

चावी फिरवल्यासारखी गाडी एका झटक्यात बंद झाली तर दोष बहुधा करंटमध्ये. आधी दम लागल्यासारखी रेस खाली गेली, दोन-चार झटके दिले, मिसिंग केलं आणि मग बंद झाली तर पेट्रोलकडे पाहा. चालताना ठणठणीत पण क्लच दाबून थांबलात की बंद, असं असेल तर स्लो जेट (कार्बोरेटरमधलं बारीक भोक), हवेची गळती, टॅपेट (वॉल्व दाबणारा भाग आणि त्याची फट) किंवा नुसतं आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तो वेग, कमी असणं यांपैकी काहीतरी आहे.

वीसेक मिनिटं छान चालून बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते आणि परत तितकंच चालून बंद पडते, ही तऱ्हा सगळ्यात जास्त फसवते. याची कारणं प्रामुख्याने तीन: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद, इग्निशनची, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारी, एखादी कॉईल तापल्यावर तुटणं, किंवा एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असणं. कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी यातलं काहीही सुटत नाही.

हँडल वळवताना बंद पडते? हेडलाइटच्या मागे, हँडलच्या मानेशी वायरिंग वर्षानुवर्षं वाकून आतून तुटलेलं असतं. खड्ड्यात आपटल्यावर बंद पडते? चावीचा स्विच, ढिला कपलर (वायरींचा जोड) किंवा ढिली प्लग कॅप. पावसातच बंद पडते? त्याच्याकडे शेवटी येऊ.

आठवडाभर हे कागदावर टिपा: इंजिन गार होतं की गरम, रेस होती की नव्हती, टाकीत पेट्रोल किती होतं, परत सुरू व्हायला किती वेळ लागला. एवढ्याने निम्मा तपास होतो.

रस्त्यात बंद पडली तर तिथल्या तिथे काय पाहायचं

गाडी कडेला घ्या, जमलं तर सावलीत. किका मारत सुटू नका. आत्ता जो पुरावा हाताशी आहे तो पाच मिनिटांनी राहणार नाही.

सर्वात आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बंद आहे. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी तयार होऊन पेट्रोल यायचं थांबतं. झाकण उघडल्यावर लगेच गाडी सुरू होऊन नीट चालली तर दोष सापडला. याउलट उन्हात तापलेल्या टाकीत वाफेचा दाब साठतो, तो पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ढकलतो आणि ओव्हरफ्लो होतो. झाकण उघडल्यावर हवा बाहेर आली तर हा प्रकार समजा. दोन्हींवर उपाय तोच: झाकण काढून भोकातली धूळ बारीक तारेने आणि हवेने साफ करा.

मग कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, रिझर्व्हवर घ्या. 'ऑन'वर बंद पडणारी गाडी रिझर्व्हवर चालली तर टाकीतलं पेट्रोल 'ऑन'च्या नळीच्या तोंडाखाली गेलं असेल किंवा 'ऑन'च्या बाजूची जाळी भरली असेल.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि किक मारून उपयोग नसेल तर इंजिन फ्लड झालंय. कॉक बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून आठ-दहा किका मारा. सिलिंडरमधलं जादा पेट्रोल बाहेर जातं. बरेच जण इथेच उलट करतात: चोक ओढतात आणि प्लग आणखी भिजवतात.

ज्या गाड्यांना किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आहे त्यांचा तो दोन-चारदा आत-बाहेर करा. पावसाळ्यानंतर त्याच्या आत हिरवा गंज धरतो.

पेट्रोल खाली येतंय का

घरी आल्यावर पहिली चाचणी हीच, कारण फुकट आहे. कार्बोरेटरला जाणारी पेट्रोलची नळी काढा, पारदर्शक बाटलीत सोडा आणि एक मिनिट कॉक उघडा. इंजिन गार असावं, जवळपास विडी-सिगारेट नको.

१०० सीसीची गाडी ताशी ६० च्या वेगाने लिटरला ६० किलोमीटर देते असं धरलं तर तिला तासाला एक लिटर लागतं, म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिलीलिटर. इतकंच. तेव्हा मिनिटाला १०० मिली आलं तरी भरपूर झालं, पण ते अखंड धारेने आलं पाहिजे. धार सुरुवातीला जोरात येऊन मग थेंबांवर आली तर झाकणाचं भोक किंवा कॉकची जाळी. ही चाचणी झाकण लावून आणि झाकण काढून, अशी दोन्ही वेळा करा. फरक पडला तर झाकण दोषी.

आता बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचे मणी किंवा गढूळ थर दिसला, तांबूस कण बसले, तर मूळ दुखणं टाकीत आहे. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून फ्लोट बाउलमधलं (तिथल्या पेट्रोलच्या वाटीतलं) पेट्रोलही असंच तपासा. तिथे पाणी सापडणं जुन्या गाड्यांत फार सामान्य आहे.

इथे इथेनॉलचा विषय येतोच. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल २०२२ मध्ये झालं आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून निघून जातं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो आणि कॉक तळाशीच असतो. महिनाभर उभी असलेली गाडी पावसाळ्यात म्हणूनच रुसते. दुसरा परिणाम रबरावर: जुन्या गाड्यांचे पाइप, ओ-रिंग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. पाइप कडक होऊन तडकतात, ओ-रिंग फुगतात. दहा वर्षांवरच्या गाडीचा पेट्रोल पाइप डोळे झाकून बदलावा; ही मोटरसायकलची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती असेल.

टाकीत गंज असेल तर ती उतरवा, कॉक काढून भोक बंद करा, पांढऱ्या व्हिनेगरने भरून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी मूठभर नटबोल्ट टाकून हलवा, ओता, नट मोजून परत काढा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा खळबळा आणि उन्हात पूर्ण वाळवा. नागपूरचं ऊन निदान याच्या कामी येतं. वाळली की लगेच थोडं पेट्रोल घालून आतून ओली करा, नाहीतर उघड्या पत्र्यावर काही तासांत नवा गंज धरतो. कॉकची जाळी आणि वॉशर नवीन घाला. मध्ये पारदर्शक फिल्टर बसवायचा असेल तर पाइप वर-खाली लूप न होता सरळ उतरला पाहिजे आणि फिल्टर सिलिंडरला चिकटता कामा नये. इंजिनच्या उष्णतेने तिथे पेट्रोलची वाफ धरते आणि पंखा नसलेल्या एअर-कूल्ड इंजिनात सिग्नलवर थांबल्या थांबल्या गाडी मरते. ४५ अंशांच्या दुपारी हे हमखास घडतं.

प्लग काय सांगतो

गाडी बंद पडल्यावर लगेच काढलेला प्लगच खरं बोलतो. सुरू करून, आयडलिंगला ठेवून, मग काढलेल्या प्लगवर काजळी दिसणारच. इंजिन थोडं निवू द्या. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून जोर लावून प्लग काढला तर आटेच बाहेर येतात. १० मिमी आट्यांच्या लहान प्लगला १६ मिमीचा पाना लागतो.

टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त: चोक अडकलाय, एअर फिल्टर भरलाय किंवा मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आहे. पेट्रोलने ओला म्हणजे फ्लडिंग किंवा ठिणगीच नाही. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा वॉल्व सील गेलं, त्याला प्लग बदलून काही होत नाही. पांढराफटक असेल तर हवा जास्त, कुठेतरी गळती. मिश्रण रिच आहे का याची आणखी एक खूण घरातच असते: पीयूसीच्या पावतीवर सीओचा आकडा छापलेला असतो. गेल्या वेळेपेक्षा तो बराच चढला असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय.

ठिणगीच्या टोकांमधला गॅप फीलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.७ मिमी. झिजून तो ०.९ झाला की थंड असताना चालतं, गरम झाल्यावर आणि भार आल्यावर ठिणगी उडी मारत नाही. बसवताना आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने नवीन प्लग अर्धा फेरा आणि वापरलेला जेमतेम एक-अष्टमांश फेरा आवळा.

ठिणगी पाहायची रीत: प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग हेडला नीट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. चावी चालू करून किक मारा. निळसर, 'टक टक' आवाजाची ठिणगी चांगली. नारिंगी, बारीक, मधूनच येणारी कमजोर. प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, सीडीआयला, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, ते मानवत नाही. ठिणगी कमजोर असेल तर आधी प्लग कॅप फिरवून काढा, एचटी वायरचं (कॉईलपासून प्लगकडे येणाऱ्या जाड वायरचं) टोक पाच-सहा मिलीमीटर कापा, ताजी तार दिसू द्या आणि कॅप परत फिरवून बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. कॅपमधला रोध मल्टिमीटरने मोजा. बऱ्याच कॅप ५ किलोओहमच्या असतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप फेका.

गरम झाल्यावर करंट जातो तेव्हा

गाडी गार असताना सगळं ठीक दिसतं, म्हणून गॅरेजवर दोष सापडत नाही. म्हणून स्पेअर प्लग आणि पाना सोबत ठेवा आणि बंद पडली त्याच मिनिटाला ठिणगी पाहा. ठिणगी नाही, आणि अर्ध्या तासाने ती परत आली, तर संशय तीन वस्तूंवर: पल्सर कॉईल (ठिणगी कधी पाडायची ते सांगणारी; पल्सर गाडीशी संबंध नाही), मॅग्नेटची, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाची, इग्निशन कॉईल, आणि प्लगला करंट देणारी एचटी कॉईल. आतली बारीक तार तापून फुगते, तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात. गार झाली की परत टेकतात.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून या कॉईलचा रोध इंजिन गार असताना मोजून ठेवा. मग गाडी बंद पडेपर्यंत चालवा आणि लगेच तेच कपलर काढून परत मोजा. तापल्यावर तांब्याचा रोध थोडा वाढतो, ते चालतं. पण आकडा दुप्पट झाला, सारखा हलत राहिला किंवा मीटरने सर्किट उघडं दाखवलं तर ती कॉईल गेली. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण गार आणि गरम यांच्यातली तुलना मॅन्युअलशिवायही बोलते.

सीडीआय शेवटी बदला. लोक आधी सीडीआयच बदलतात, कारण तो काढायला सोपा आहे. खात्री करायची असेल तर त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय उसना लावून पाहा.

जुन्या स्प्लेंडर, सीडी १०० यांचं इग्निशन बॅटरीवर अवलंबून नाही. मॅग्नेट कॉईलवर थेट चालतं. अशा गाडीत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही वायर काळी-पांढरी असते. तिचं आवरण हँडलच्या मानेशी घासून गेलं की हँडल वळवताना ती फ्रेमला टेकते आणि गाडी झटक्यात बंद. तपासायचं असेल तर चावीच्या स्विचकडे जाणारी ही वायर कपलरपाशी तात्पुरती सोडवा. गाडी बंद पडायची थांबली तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरीत. ध्यानात ठेवा, वायर सोडवलेली असताना चावीने गाडी बंद होत नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करावी लागते.

पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांचं इग्निशन बॅटरीवर चालतं. तिथे बॅटरी आणि चार्जिंग आधी मोजा: बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या वर, चालू गाडीत रेस दिल्यावर १३.५ ते १४.८ च्या दरम्यान. सोबत बॅटरीची अर्थ वायर फ्रेमला जिथे बोल्टने बसते तिथला रंग-गंज घासून काढा.

कार्बोरेटर, पण नीट

वरचं सगळं तपासून झालं आणि गाडी फक्त आयडलिंगवर बंद पडतेय, किंवा चोक ओढला तरच चालतेय, तर आता कार्बोरेटर. चोकवरच चालते याचा अर्थ स्लो जेट, ज्याला पायलट जेटही म्हणतात, अडकलाय. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक असतं; वाळलेल्या पेट्रोलचा एक पापुद्रा पुरतो.

१. कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू उघडून बाउल रिकामा करा, कार्बोरेटर उतरवा. फुलीच्या स्क्रूंना घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या, हे पितळ-ॲल्युमिनियम मऊ असतं.

२. एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवत तो टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहा. जोराने आवळला तर टोक आणि बसण्याची जागा दोन्ही बिघडतात, मग आयडलिंग कधीच जमत नाही.

३. बाउल उघडा. फ्लोटची पिन हळूच सरकवून फ्लोट आणि नीडल काढा. नीडलच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर नवीन घाला. ओव्हरफ्लोचं हेच कारण.

४. मेन जेट आणि स्लो जेट काढा. स्प्रे मारण्याआधी सगळे रबर, ओ-रिंग बाजूला करा. ज्यात रबरी पडदा असतो अशा, म्हणजे पल्सर, युनिकॉर्नसारख्या कार्बोरेटरमध्ये पडद्यावर स्प्रेचा थेंबही पडू देऊ नका.

५. कार्ब क्लीनर मारून दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक वाटेतून दोन्ही दिशांनी हवा मारा. जेट उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. स्टीलची तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि ॲव्हरेज गेलं म्हणून समजा. फारच झालं तर ब्रशचा एक नायलॉनचा केस किंवा वायरीतला तांब्याचा एक धागा.

६. जोडताना, बाउल बसवण्याआधी, कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून स्वच्छ पाइपने फुंका. फ्लोट नीडलवर टेकलेला असताना हवा जाता कामा नये. फ्लोट उचलला की जायला हवी.

७. इंजिनला बसवताना मधली ओ-रिंग नवीन घाला. दोन्ही नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. एका बाजूने जोर दिला की फ्लँज, म्हणजे कार्बोरेटरची इंजिनकडची सपाट कड, वाकतो. वाकलेला फ्लँज सपाट काचेवर टेकवून पाहिला तर मधे फट दिसते. तिथून हवा शिरते आणि मग कितीही ट्यूनिंग करा, सिग्नलवर गाडी बंद.

हवेची गळती पकडायला साबणाचं पाणी पुरतं. गाडी आयडलिंगला ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधल्या रबरावर, जोडावर बाटलीने थोडं-थोडं फवारा. रेस बदलली किंवा पाणी आत ओढलं गेलं तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा स्प्रे मारून पाहायची पद्धत सर्रास चालते, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ती आगीला निमंत्रण आहे.

ट्यूनिंग नेहमी गरम इंजिनवर, निदान दहा मिनिटं गाडी चालवून. आयडलिंगच्या स्क्रूने रेस थोडी वाढवा. एअर स्क्रू टेकलेल्या जागेपासून दीड ते दोन फेरे उघडा आणि तिथून पाव-पाव फेरा आत-बाहेर फिरवत रेस सगळ्यात वर जाते ती जागा शोधा. मग आयडलिंग खाली आणा. अशा १०० सीसी गाड्यांना मिनिटाला १४०० फेरे, शंभर इकडे-तिकडे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर मिश्रण रिच होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलट, आत फिरवल्यावर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. हे न पाहता फिरवल्यामुळे निम्म्या गाड्या बिघडतात. रेस देऊन सोडा: ती सावकाश खाली आली तर लीन, एकदम खाली जाऊन बंद पडायच्या बेतात येऊन सावरली तर रिच. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने पेट्रोलचं आताचं मिश्रण जुन्या सेटिंगला थोडं लीन पडतं, म्हणून पाव फेरा रिच ठेवलेलं बरं.

एअर फिल्टर ट्यूनिंगच्या आधी. सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ नागपूरकरांना सांगायला नको. मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यात तो पाहा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, आतून बाहेर हलकी हवा मारायची, काळा पडला तर नवीन. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल चोळून पिळून बसवा. फिल्टर काढून ठेवला की गाडी 'खुलते', हे खरं, कारण रिच मिश्रणाला हवा मिळते. पण ती धूळ मग सिलिंडरमध्ये जाते.

टॅपेट: आवाज नाही म्हणून दुर्लक्षित

वाजणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून त्याची दुरुस्ती होते. घट्ट टॅपेट गप्प असतो आणि तोच गाडी बंद पाडतो. इंजिन तापलं की वॉल्वची दांडी लांब होते, गॅप संपतो, वॉल्व पूर्ण मिटत नाही आणि कंप्रेशन गळतं. किक मारताना पायाला हलकी लागते, आणि गार झाली की परत जड. असंच राहिलं तर एक्झॉस्ट वॉल्व जळतो आणि हेडचं काम निघतं.

गॅप इंजिन गार असतानाच मोजायचा; कंपन्या त्यासाठी इंजिन ३५ अंशांखाली असावं असं सांगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ पहाटे, चहाच्या आधी. दहा वाजता शेडमध्ये उभं इंजिनही त्याहून गरम असतं. मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही झाकणं आणि टॅपेटची झाकणं उघडा, प्लग काढा, इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवून मॅग्नेटवरची टी खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर (वॉल्व दाबणारे भाग) हाताने थोडे हलले पाहिजेत. घट्ट असतील तर एक पूर्ण फेरा आणखी फिरवा, तुम्ही एक्झॉस्टच्या स्ट्रोकवर आहात. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनांत गॅप मॉडेलप्रमाणे ०.०५ ते ०.०८ मिमी असतो. पल्सरमध्ये एक्झॉस्टचा इनटेकपेक्षा जास्त ठेवतात. फीलर गेज किंचित घासत सरकला की बरोबर. लॉकनट आवळताना स्क्रूही फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

टॅपेट बरोबर आणि किक तरीही हलकी असेल तर प्लगच्या भोकातून पाच मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा किक मारा. जड झाली तर रिंग आणि बोअर; फरक पडला नाही तर वॉल्व. दोन्ही गॅरेजची कामं.

गिअरमध्ये सिग्नलला बंद पडते

न्यूट्रलमध्ये तास-तास चालणारी गाडी पहिला गिअर टाकताच बंद होत असेल तर इंजिनला हात लावू नका. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. चाल याहून जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि इंजिन चाकाला ओढत राहतं. मागचा ब्रेक जाम आहे का तेही पाहा: डबल स्टँडवर चाक हाताने फिरवा, एका धक्क्याला दोन-तीन फेरे सहज जायला हवेत. साइड स्टँडचा स्विच असलेल्या गाड्यांत गिअर टाकल्यावर बंद पडणं म्हणजे बहुधा त्या स्विचवर बसलेला चिखल.

पावसात

आडव्या सिलिंडरच्या गाड्यांत प्लग पुढच्या चाकाच्या तोंडाशीच असतो. पुढच्या मडगार्डची रबरी झालर तुटली असेल तर सगळा फवारा प्लगवर. झालर नवीन लावा. प्लग कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला आणि आत सिलिकॉन ग्रीस लावा. गळती शोधायची तर रात्री अंधारात गाडी चालू ठेवून एचटी वायर आणि कॉईलवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून करंट पळतो तिथे निळी रेघ चमकते. हात लांब ठेवा.

नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी साचलेलं असताना गाडी घातली आणि मध्येच बंद पडली, किंवा २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीकडच्या भागात झालं तशी गाडी उभ्या-उभ्या बुडाली, तर किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, कॉक बंद ठेवून किक हळूहळू दाबत पाणी बाहेर काढा, एअर फिल्टरची पेटी आणि फ्लोट बाउल रिकामा करा. ऑइल पाहा: दुधी दिसलं तर बदला, थोडा वेळ चालवून पुन्हा बदला. सायलेन्सरमधलं पाणीही वाहून जाऊ द्या.

आरएक्स १०० आणि जुनी बुलेट

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये दोन जादा गोष्टी. क्रँकचं मॅग्नेटकडचं सील गेलं की तिथून हवा शिरते. रेस आपोआप चढते, उतरते आणि गाडी बंद पडते. दुसरं, सायलेन्सरच्या आतली जाळी कार्बनने बुजते. ती बाहेर काढून घासा, जाळू नका. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा आणि पॉइंट जळके दिसले तर कंडेन्सरसकट बदला. कंडेन्सर न बदलता घातलेले पॉइंट महिन्याभरात पुन्हा जळतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस चालवून पाहा. गॅरेजवर गाडी द्यायची वेळ आली तर आठवडाभराच्या नोंदींचा तो कागद, आधी-नंतरचे ओहमचे आकडे आणि काढलेला प्लग सोबत न्या, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या. गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर ती तिथे चालवत न्या आणि गरम असतानाच दाखवा. सकाळी सोडून आलात तर गार इंजिनावर सगळं ठीकच दिसेल.